विश्लेषण : ट्रॅक्टर उलटतो तेव्हा चूक फक्त चालकाचीच असते का?

मृगाच्या सरी स्थिरावल्या की रायगडच्या खारेपाटात ट्रॅक्टरला उसंत नसते. राबातली रोपे तयार होत आलेली, लावणीला मजूर ठरलेले आणि पाऊस कधी उघडीप देईल याचा नेम नाही. चिखलणीचा दर तासावर असतो. त्यामुळे खाचर लवकर उरकावे असे मालकाला वाटते आणि पुढच्या खाचरात लवकर पोहोचावे असे चालकाला. ट्रॅक्टरचे बहुतेक अपघात याच घाईत होतात. दुसऱ्या दिवशी ‘ट्रॅक्टर पलटी होऊन एक ठार’ अशी चार ओळींची बातमी येते, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ हे कारण नोंदवले जाते आणि विषय मिटतो. हे कारण बहुतेक वेळा खरे असले तरी अपुरे असते. नियंत्रण का सुटले आणि सुटल्यावर माणूस वाचला का नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधली तर यातले बरेच मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असे दिसते.

रायगडची जमीन वेगळी का ठरते?

जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. अलिबाग, पेण, उरण, मुरूड आणि श्रीवर्धन या तालुक्यांतली बरीचशी भातशेती खाडीच्या कडेला, भरतीचे पाणी अडवून मिळवलेल्या खार जमिनीवर आहे. ही जमीन टिकून आहे ती मातीच्या बांधांवर आणि पाणी सोडणाऱ्या उघाड्यांवर. जुने शिलोत्री बंधारे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हातांनी रचले, दुरुस्त केले. पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने सरकारी योजनांतील बंधाऱ्यांच्या देखभालीची चौकट ठरवली.

हे बांध माणसाच्या आणि बैलाच्या पायांसाठी बांधलेले आहेत. ४५ अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर दोन टनांच्या घरात जातो. मागे रोटाव्हेटर जोडला की त्यात आणखी चार-पाचशे किलोंची भर पडते. बांधाची माती वरून सुकलेली दिसली तरी आत ओल असते आणि खेकड्यांच्या, उंदरांच्या बिळांनी ती पोखरलेली असते. एका बाजूचे मागचे चाक कडेवर आले की ती कड ढासळते. बांधाची उंची जेमतेम कमरेएवढी असली तरी ट्रॅक्टर आडवा होऊन चालक खाली सापडायला तेवढी पुरते. खाली पाणी किंवा चिखल असेल तर चालक चेंगरण्याआधी गुदमरतो.

त्यात खाचरे लहान. वळायला जागा कमी, म्हणून बांधाच्या अगदी कडेपर्यंत जाऊन वळण घेतले जाते. यावर जगभरात सांगितला जाणारा साधा ठोकताळा असा आहे : खड्डा, ओढा किंवा बांधाची कड जितकी खोल असेल, निदान तितके अंतर चाक आणि कड यांत ठेवावे. चार फूट खोल ओढा असेल तर चार फूट आत. पावसाळ्यात त्याहून जास्त. याचा अर्थ खाचराच्या कडेची एक पट्टी यंत्राविना राहील आणि ती कुदळीने किंवा पॉवर टिलरने करावी लागेल. ही पट्टी सोडायची हे मालकाने आधीच सांगायला हवे. नाहीतर ‘कोपरा राहिला’ म्हणून पैसे कापले जातील, या धास्तीने चालक कडेला जाणारच.

ट्रॅक्टर मागे कसा उलटतो?

बाजूला उलटणे सगळ्यांना ठाऊक असते. मागे उलटणे अनेक अनुभवी चालकांनाही नीट उमगलेले नसते आणि तेच अधिक घातक आहे.

ट्रॅक्टरचे निम्म्याहून अधिक वजन मागच्या आसावर असते. इंजिनचे बळ मागच्या चाकांना फिरवते. चिखलात चाके रुतली आणि फिरेनाशी झाली, तरी चालक क्लच सोडून एक्सलेटर देतच राहतो. चाक फिरत नाही म्हटल्यावर ते बळ ट्रॅक्टरच्या धडालाच आसाभोवती वर उचलू लागते. पुढची चाके जमिनीवरून सुटतात. पूर्ण उलटायला साधारण दीड सेकंद लागतो आणि त्यातला निम्मा वेळ गेला की क्लच दाबूनही उपयोग होत नाही. काय होते आहे हे कळून पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ संपलेली असते.

चिखलणीसाठी लोखंडी चाके लावलेली असतात तेव्हा हा धोका वाढतो, कारण ती चिखलात घट्ट पकड घेतात. रुतलेल्या चाकापुढे लाकडी ओंडका किंवा दगड अडकवून पुढे काढण्याची पद्धत तर सर्रास आहे. ओंडक्याला चाक अडले की ट्रॅक्टर मागे उलटण्याची सगळी तयारी झालेली असते. रुतलेला ट्रॅक्टर शक्य असेल तर रिव्हर्समध्येच काढावा, चाकांमागची माती खणावी, अवजार सोडवून वजन कमी करावे आणि तरीही निघाला नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने, खालच्या हुकाला बांधून, सावकाश ओढावा. उंच चढ चढायचा असेल तर जड भाग चढाच्या बाजूला राहील असा, म्हणजे मागे घेत चढवावा.

किनाऱ्यावर गाड्या ओढताना काय होते?

रायगडच्या किनारपट्टीवर ट्रॅक्टरचे हे एक वेगळेच काम आहे. शनिवार-रविवारी नागाव, रेवदंडा, काशीद, हरिहरेश्वर या किनाऱ्यांवर पर्यटक हौसेने गाडी वाळूत घालतात, भरती येते, चाके रुततात आणि मग गावातला ट्रॅक्टर बोलावला जातो. २०२४ च्या अखेरीस रेवदंड्याच्या वाळूत अडकलेली महागडी फेरारी बैलगाडीने ओढून काढल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. लोक हसले. त्या दिवशी बैल होते म्हणून प्रसंग हसण्यावारी गेला. ट्रॅक्टर असता आणि दोर चुकीच्या जागी बांधला असता, तर हसण्यासारखे काही उरले नसते.

ट्रॅक्टरने काहीही ओढताना दोर कुठे बांधला यावर जीव अवलंबून असतो. ओढण्यासाठी दिलेली जागा म्हणजे खालची पट्टी किंवा हुक, जी मागच्या आसाच्या पातळीखाली असते. तिथून ओढले की भार ट्रॅक्टरचा पुढचा भाग खाली दाबून ठेवायला मदत करतो. मात्र घाईत दोर आसाच्या नळकांड्याला किंवा त्याहून वर, अवजाराचा वरचा दांडा जोडतात त्या जागी बांधला जातो. मग तोच भार ट्रॅक्टरला मागे खेचून उलटवतो. वाळूत पुरलेली गाडी म्हणजे जवळजवळ न हलणारा भार. जूनच्या आधी होड्या किनाऱ्यावर वर घेतानाही ट्रॅक्टर लावला जातो तेव्हा हेच गणित लागू पडते.

दुसरा धोका दोराचा. नायलॉनचा दोर ताणला की रबरासारखी ताकद साठवतो. तो तुटला किंवा गाडीचा हुकच उपटून आला, तर तो लोखंडी तुकडा गोळीसारखा सुटतो. अशा वेळी भोवती मोबाइल धरून उभी असलेली गर्दी दोराच्या पल्ल्यातच असते. दोर जितका लांब, निदान तितके अंतर सोडून सगळ्यांनी उभे राहावे, झटका देऊन न ओढता आधी दोर ताणून मग हळूहळू बळ द्यावे आणि ओढताना दोर ओलांडू नये, एवढे तरी पाळायला हवे. किनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई असलेल्या ठिकाणी ती कडकपणे पाळली गेली, तर ट्रॅक्टरवाल्यावर ही वेळ येणारच नाही.

खाऱ्या हवेचाही हिशेब धरावा लागतो. ब्रेक, चाकांचे नट, ट्रॉलीची पिन, शाफ्टवरची आवरणे हे सगळे किनाऱ्यावर देशावरच्यापेक्षा लवकर गंजते. समुद्राच्या पाण्यात चाके बुडवून आणलेला ट्रॅक्टर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुणे हा देखभालीपेक्षा सुरक्षेचा भाग समजायला हवा.

अवजारे चालकापेक्षा इतरांना जास्त धोकादायक का?

ट्रॅक्टर उलटला तर बहुधा चालक सापडतो. अवजारांच्या अपघातात मात्र मदतनीस, मजूर स्त्रिया आणि मुले सापडतात.

ट्रॅक्टरच्या मागून अवजाराला बळ पुरवणारा जो दांडा असतो त्याला सगळे पीटीओ म्हणतात. तो प्रमाणित वेगाने मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टच्या सांध्याजवळ घेर साधारण ३० सेंटीमीटर धरला, तर पदराचे किंवा ओढणीचे टोक अडकल्यावर एका सेकंदात अडीच मीटरहून जास्त कापड गुंडाळले जाते. हात मागे घेण्याची, ओरडण्याची, चालकाने वळून पाहण्याची, कशाचीच वेळ त्यात मिळत नाही. लुंगी, खांद्यावरचा टॉवेल, मफलर, पावसात पांघरलेले प्लास्टिक, मोकळे केस यांतले काहीही पुरते.

नव्या शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण असते. शाफ्टबरोबर ते फिरू नये म्हणून त्याला बारीक साखळी दिलेली असते. वंगण द्यायला अडचण होते म्हणून पहिल्याच हंगामात आवरण काढून टाकले जाते किंवा साखळी तुटल्यावर ते तसेच फिरत राहते. ट्रॅक्टरच्या किमतीच्या तुलनेत हे आवरण अगदी स्वस्त असते, तरी शेतात वापरात असलेल्या किती यंत्रांवर ते जागेवर आहे, हे कोणत्याही गावात फेरफटका मारला तरी कळेल.

रोटाव्हेटरच्या बाबतीत तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, जमीन घट्ट असली की वजन म्हणून अवजारावर माणूस उभा करणे. दुसरी, पात्यांत गवत किंवा दोरी गुंतली की इंजिन चालू ठेवून फक्त लिव्हर ओढून हात घालणे. तिसरी, हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली जाणे. तेलाची नळी फुटली किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला, तर उचललेले अवजार क्षणात खाली येते. यासाठीचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : अवजार जमिनीवर, इंजिन बंद, किल्ली खिशात. अवजार उचलूनच काम करावे लागत असेल तर खाली भक्कम लाकडी ठोकळे.

पॉवर टिलर लहान असल्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात पाती चालू ठेवून तो मागे घेताना चालकाचा तोल गेला, तर पाती थेट त्याच्या पायावर येतात. लहान खाचरांमुळे कोकणात टिलरचा वापर बराच आहे. मागे घेताना आधी पाती थांबवायची, ही सवय पहिल्या दिवशीच लागायला हवी.

मळणी यंत्राबाबत तर देशाला धडा मिळून चार दशके झाली. हात गमावणाऱ्यांची संख्या वाढल्यावर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला. पेंढी आत सरकवणारा हात फिरत्या भागापर्यंत पोहोचू नये अशी तोंडाची रचना असावी, यंत्रावर धोक्याच्या सूचना असाव्यात, अशी त्यामागची भूमिका होती. कारखान्यातून निघणारी यंत्रे त्यामुळे सुधारली. पण गावच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होऊन, तोंड कापून रुंद केलेली यंत्रे आजही चालतात. कायदा यंत्र विकणाऱ्यापर्यंत पोहोचला. खळ्यापर्यंत त्याला कोणी नेले नाही.

रस्त्यावर काय बदलते?

शेतात वळताना उपयोगी पडावेत म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. रस्त्यावर येण्याआधी दोन्ही पेडल पट्टीने जोडायचे असतात. ते न जोडता वेगात एकच ब्रेक दाबला, तर ट्रॅक्टर जागीच वळून उलटतो. वेग ताशी १० वरून २० किलोमीटर झाला की वळणावर बाहेर फेकणारे बळ दुप्पट नव्हे, चौपट होते.

ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलत नेते. कार्लेखिंडीसारख्या उताराला डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे म्हणजे इंजिनचा उरलासुरला अटकावही काढून टाकणे. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच बरोबर आहे. जोडपिनेला खालून कुलूप-खिटी, मागे लाल परावर्तक आणि अंधारात चालणारा दिवा नसेल, तर वडखळ-अलिबागसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर ती ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी न दिसणारी भिंत असते.

मजुरांची वाहतूक : नियम काय सांगतो?

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतकामासाठी मजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातील गुंज गावच्या सात स्त्रियांचा त्यात मृत्यू झाला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची ट्रॉली तळ्यात उलटून २६ जण दगावले होते. दोन्ही वेळी सरकारने मदत जाहीर केली, काही दिवस तपासणी झाली आणि ट्रॉल्या पुन्हा माणसे भरून धावू लागल्या.

१९८९ च्या रस्ते नियमावलीतच ट्रॅक्टरचालकाने ट्रॅक्टरवर कोणालाही बसवू नये, असे स्पष्ट म्हटले होते. ट्रॅक्टरला आसन एकच असते. मडगार्डवर बसलेला माणूस एका धक्क्याने थेट मागच्या चाकाखाली जातो. तरीही कोकणात शेजारी पोराला बसवून नेणारा बाप दिसतोच आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

नियम माहीत नाही म्हणून हे घडत नाही. लावणीच्या दिवसांत पहाटे दहा-बारा बायांना वाडीवरून खाचरावर न्यायचे, तर दुसरे काय आहे? एसटी त्या वेळेला आणि त्या रस्त्याला नसते. गावोगावी धावणारी मिनीडोर असते, पण तिचे भाडे कोण देणार हा प्रश्न असतो. हा खर्च मजुरीच्या वर, शेतमालकानेच उचलायला हवा. तो परवडत नसेल, तर लावणीच्या तीन आठवड्यांपुरती फेरी ग्रामपंचायतीने किंवा गटशेती करणाऱ्यांनी मिळून ठरवावी. पर्याय न देता नुसती बंदी घातली, तर ती फक्त पोलीस उभे असतात त्या नाक्यापुरती राहते.

भरपाई कोणाला मिळते, कोणाला नाही?

इथे खरा अन्याय दिसतो. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये देते. पण ती वहितीधारक खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य यांच्यासाठी आहे. सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही अशा शेतमजूर स्त्रिया त्यात बसत नाहीत. म्हणजे त्याच अपघातात, त्याच ट्रॅक्टरखाली, मालक गेला तर घराला काही मिळते आणि मजूर गेली तर तिच्या मुलांना मोठी बातमी झाली तरच मदत मिळते.

विम्याचीही स्थिती फारशी वेगळी नाही. शेतीच्या कामासाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने माणसे किंवा भाड्याने वाळू-विटा वाहिल्या, की विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी होते. मग वर्षानुवर्षे न्यायाधिकरणात खेटे घालावे लागतात आणि अंतिम भार मालकावर येऊ शकतो.

एक तरतूद मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या अनुसूचीत ट्रॅक्टर किंवा इतर यांत्रिक साधनांनी होणाऱ्या शेतीत कामाला असलेल्यांचा समावेश होता. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. म्हणजे ट्रॅक्टरवर ठेवलेला गडी जखमी झाला, तर भरपाई देणे ही मालकाची कृपा नसून जबाबदारी ठरू शकते. हे मालकालाही ठाऊक नसते आणि गड्यालाही.

परवाना आहे, मग प्रशिक्षण नको का?

मोटार वाहन कायद्यात साडेसात हजार किलोपर्यंत वजनाचा ट्रॅक्टर हलक्या वाहनांत मोडतो. म्हणजे चारचाकीवर परीक्षा देऊन मिळवलेला परवाना ट्रॅक्टरलाही चालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी या परवान्याची व्याप्ती मान्य केली. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक आहे. पण मोटारीच्या परीक्षेत कोणी रुतलेले चाक, वेगळे ब्रेक, ट्रॉली मागे घेणे किंवा पीटीओ विचारत नाही. परवाना चालवण्याची मुभा देतो, यंत्राची ओळख करून देत नाही.

शेतीयंत्रांचे प्रशिक्षण देणाऱ्या केंद्राच्या चार संस्था आहेत : मध्य प्रदेशात बुधनी, हरियाणात हिसार, आंध्र प्रदेशात गार्लादिन्ने आणि आसामात विश्वनाथ चारियाली. महाराष्ट्रात एकही नाही. श्रीवर्धनचा तरुण चालक बुधनीला जाणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे तो काकाकडून किंवा मित्राकडून शिकतो आणि त्यांच्या चुकाही शिकतो.

उलटला तरी माणूस वाचू शकतो का?

होय, आणि हे जगाने सिद्ध केले आहे. आसनामागे लोखंडी संरक्षक चौकट असेल आणि चालकाने पट्टा बांधला असेल, तर ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवती जागा शिल्लक राहते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना ही चौकट सक्तीची केली आणि काही दशकांत तिथे उलटण्यामुळे होणारे मृत्यू नाममात्र उरले. चालक तेच, शेते तीच, चुकाही होतच राहिल्या. बदलली ती फक्त चुकीची शिक्षा.

आपल्याकडे ट्रॅक्टरवर दिसते ती बहुधा उन्हापावसाची छत्री. पत्र्याची ती छत्री भार पेलत नाही, तिला संरक्षक चौकट समजणे घातक आहे. पट्ट्याबाबतही गैरसमज आहे. चौकट असेल तरच पट्टा बांधायचा. चौकट नसताना पट्टा बांधला, तर उडी मारून सुटण्याची शक्यताही जाते.

नारळी-पोफळीच्या वाड्यांत आणि आंब्याखाली चौकट अडते, हा आक्षेप रायगडात हमखास येतो. तो रास्त आहे. त्यासाठी दुमडणारी चौकट असते. झाडाखाली दुमडायची, बाहेर आल्यावर पुन्हा उभी करायची.

मग करायचे काय?

देशात दरवर्षी नऊ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण अभियानातून अवजारांना अनुदान मिळते, राज्यात त्याचे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. या अनुदानाने यंत्रे गावात आणली हे चांगलेच झाले. आता त्याच अनुदानाने सुरक्षा आणावी. पीटीओचे आवरण, ट्रॉलीचे परावर्तक आणि जोडपिनेची खिटी जागेवर असल्याशिवाय अनुदानाचा हप्ता नको. जुन्या ट्रॅक्टरला दुमडणारी चौकट बसवण्यासाठी वेगळे अनुदान हवे. नव्या योजनेची गरज नाही, असलेल्या योजनेत एक अट आणि एक बाब वाढवावी लागेल.

प्रशिक्षणासाठी जिल्ह्यात यंत्रणा आहे. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, त्याचे कर्जतचे भात संशोधन केंद्र, पनवेलचे खार जमीन संशोधन केंद्र, रोह्याजवळचे कृषी विज्ञान केंद्र आणि पेणचे परिवहन कार्यालय यांनी मिळून मे महिन्यात तालुकानिहाय एक दिवसाची शिबिरे घेतली, तरी पुष्कळ साधेल. शिबिर सभागृहात नको, खाचरात हवे. रुतलेला ट्रॅक्टर काढून दाखवावा, फिरत्या शाफ्टला कापडाची चिंधी लावून दाखवावी. ती चिंधी क्षणात नाहीशी होताना पाहिलेला माणूस पुन्हा आवरण काढणार नाही.

तिसरी गोष्ट नोंदीची. ट्रॅक्टर बाजूला उलटला की मागे, चौकट होती का, आवरण होते का, ट्रॉलीत किती माणसे होती, एवढे पाच-सहा रकाने अपघाताच्या पंचनाम्यात भरले गेले, तर धोका नेमका कुठे आहे ते दोन हंगामांत कळेल. आज ‘नियंत्रण सुटले’ या दोन शब्दांत सगळे झाकले जाते.

चौथी गोष्ट शेतमजुरांची. अपघात अनुदान योजनेत सातबाऱ्याची अट शिथिल करून शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाला सामावून घ्यायला हवे. यंत्राच्या सर्वात जवळ उभे राहणारेच भरपाईपासून सर्वात दूर असतील, तर त्या योजनेला शेतकरी सुरक्षा म्हणणे अर्धेच खरे आहे.

हे होईपर्यंत गावाच्या हातात जे आहे ते तरी करता येईल. येत्या मृगाआधी प्रत्येक ट्रॅक्टरमालकाने आवरण, ब्रेक-पट्टी, जोडपिन आणि दिवे तपासावेत. शेतमालकाने बांधाच्या कडेची पट्टी सोडायला स्वतःहून सांगावे. शेजारी पोराला बसवू नये. आणि अपघात झालाच, तर आधी इंजिन बंद करावे, अडकलेल्याला उलट फिरवून सोडवण्याचा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढण्याचा उतावळेपणा करू नये, १०८ ला फोन करावा. तोंड-नाक चिखलात असेल तर मात्र सर्वात आधी ते मोकळे करावे.

चिखलणी अर्ध्या तासाने लांबली तर लावणी त्या दिवशी थोडी उशिरा संपेल. त्या अर्ध्या तासाचे पैसे चालकाला द्यायची तयारी शेतमालकाने ठेवली, तरी खारेपाटातल्या अपघातांचे एक मोठे कारण कमी होईल.